दरवाजे किती उघडलेत?

ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी कोयनानगरच्या रस्त्याकडेच्या टपरीवर तासभर बसलं की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "काका, दरवाजे उघडलेत का? किती फूट?" विचारणारे कऱ्हाडचे असतात, कोल्हापूरचे, पुण्याचे, घाट चढून आलेले चिपळूणचेही असतात. मोटारसायकलवर चिंब भिजलेली पोरं असतात आणि टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरलेलं आजीपासून नातवापर्यंतचं अख्खं घर असतं. टपरीवाला कढईत कांदाभजी सोडता सोडता मान वर न करता सांगतो, "उघडलेत की. सहाच्या सहा." लगेच सगळ्यांचे चेहरे उजळतात. भज्यांची पुडी घाईनं बांधून घेतली जाते, गाड्या नेहरू उद्यानाकडे पळतात. धरणाच्या भिंतीवर कुणालाही जाता येत नाही, तेव्हा लांबूनच ते पांढरं उसळणारं पाणी बघायचं, फोटो काढायचे आणि मग नवज्याजवळच्या ओझर्डे धबधब्याकडे निघायचं.

त्याच वेळी सांगलीतही हाच प्रश्न विचारला जात असतो. तिथला सूर वेगळा असतो. कृष्णाकाठच्या वस्तीतला माणूस कोयनेतून किती विसर्ग सोडलाय हे विचारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आयर्विन पुलावरची पातळी असते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, हे त्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. टीव्ही माळ्यावर टाकायचा की नाही, म्हातारीला मिरजेला भावाकडे पोचवायचं की आणखी एक रात्र थांबायचं, हे त्याला त्या फुटांवरून ठरवायचं असतं. दोघंही घराबाहेर पडणार असतात. एक हौसेनं, दुसरा नाइलाजानं. प्रवासाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, त्यात यांच्यातला पहिलाच काय तो प्रवासी धरला जातो.

आणि त्या पहिल्याचेही आपण पुन्हा वर्ग पाडतो. हल्ली ठरून गेल्यासारखी मांडणी अशी, की एक असतो पर्यटक आणि दुसरा असतो खरा प्रवासी. पर्यटक म्हणजे गर्दी करणारा, ठरावीक ठिकाणं उरकणारा, जिथे जाईल तिथे घरचंच जेवण मागणारा. खरा प्रवासी पाठीवर सॅक टाकून एकटा निघतो, आडवाटेला जातो, स्थानिकांच्या चुलीपाशी जेवतो आणि परत आल्यावर आपण पर्यटक कसे नव्हतो हे सगळ्यांना ऐकवतो. मला ही विभागणी कधी पटली नाही. ती प्रवासाच्या रीतीबद्दल बोलते असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती रजा आणि पैसा यांबद्दल बोलत असते. ज्याला सोमवारी सकाळी पाळीवर हजर व्हायचं आहे, त्यानं कोयनेत पंधरा दिवस रमायचं कसं? गिरणीतल्या किंवा दुकानातल्या माणसाला वाट्याला आलेला एक रविवार तो भज्यांत आणि धबधब्यात घालवतो. त्याची घाई उथळपणातून आलेली नसते. परत कधी जायचं हे त्याच्या हातात नसतं, म्हणून ती असते.

पैसे देऊन गटानं केलेल्या सहलींचं असंच. 'केसरी'सारख्या कंपन्यांनी १९८४ पासून पुढे मराठी मध्यमवर्गाला आधी देशभर आणि मग परदेशात नेलं. स्वित्झर्लंडमध्ये वरण-भात वाढणाऱ्या या सहलींवर विनोद करणं सोपं आहे. तो आपण सगळ्यांनीच केला आहे. पण त्या बसमधल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे जरा नीट बघा. चाळीस वर्षं तिचा प्रवास म्हणजे माहेर, लग्नकार्यं, दहावे-बारावे आणि नवऱ्याच्या आजारपणातली मुंबई. प्रत्येक प्रवासात डबा तिनं केला, भांडी तिनं मोजली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला दुसऱ्या देशात ताट वाढून देतंय आणि पुढचा मुक्काम कुठे हा तिचा घोर नाही. तिच्या ताटातल्या वरणाला नाकं मुरडणाऱ्यांनी ते शिजवायला कधी किती वेळ लागतो ते पाहिलेलं नसतं.

मराठीतलं सगळ्यात थरारक प्रवासवर्णन ज्यानं लिहिलं, तो तरी कुठे प्रवासासाठी प्रवासाला निघाला होता? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरची कर्जं फेडायला बाहेर पडले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, एवढाच हिशेब. काकांना बरोबर घेऊन निघाले आणि उठावाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी किल्ल्याच्या आतून पाहिला, लुटले गेले, आणि शेवटी खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी परतले. 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आलं, ते आजही हातातून सुटत नाही. पोटासाठी निघालेला माणूस डोळे मिटून चालतो, असा कुणाचा समज असेल तर त्यानं गोडसे भटजी वाचावेत. पु. ल. देशपांडे 'अपूर्वाई'तल्या इंग्लंडला पोचले तेही नोकरीतल्या प्रशिक्षणामुळे. निघण्याचं कारण साधं असलं म्हणून पाहणं साधं राहत नाही.

म्हणून प्रवाशांचे प्रकार पाडायचेच असतील, तर ते हौसेवरून पाडू नयेत असं मला वाटतं. निघायचं कधी आणि परतायचं कधी, हे ज्याचं त्याला ठरवता येतं का, एवढं एक विचारावं. कोयनानगर त्यासाठी फार सोयीचं गाव आहे. मुळात हे गावच बाहेरून आलेल्यांनी वसवलेलं. १९५० च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं तेव्हा हेळवाकच्या परिसरात अभियंते आले, खोदकाम करणारे आले, सिमेंट वाहणारे आले. वसाहत उभी राहिली, शाळा झाल्या. पुढे बदलीच्या हुकमावर माणसं येत-जात राहिली. अशा घरातली मुलं आज साठीत आहेत. ती अधूनमधून इथे येतात, बैठ्या चाळींमधलं आपलं जुनं घर शोधतात, दाराला कुलूप आणि कौलावर शेवाळ बघून परत जातात. यांना पर्यटक म्हणावं की गावकरी? बदलीनं त्यांना इथे आणलं, बदलीनंच नेलं.

त्यांच्यातल्या अनेकांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथे काढली आहे. सुमारे ६.५ तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि वसाहतीतली अनेक घरं जमीनदोस्त झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्या पहाटेपासून कोयनेला आणखी एका जातीचा प्रवासी लाभला. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेइतकं गाजलेलं ठिकाण जगात क्वचितच असेल. जगभरचे भूशास्त्रज्ञ इथे येतात. गोठणे इथे जमिनीत सुमारे ३ किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं, ते २०१७ साली पूर्ण झालं. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. बाकीचे प्रवासी डोंगर बघायला येतात, हे डोंगराच्या पोटात काय चाललंय ते बघायला येतात. स्थानिक माणूस मात्र भांडी खडखडली की "आज हलकाच होता" असं म्हणून पुन्हा कामाला लागतो.

या सगळ्यांत ज्यांचा प्रवास सर्वांत लांबचा झाला, त्यांचं नाव प्रवाशांच्या कुठल्याच यादीत नसतं. १०५ टीएमसी पाणी साठायला दरी लागते आणि त्या दरीत गावं होती. शंभराच्या घरातली गावं शिवसागर जलाशयाखाली गेली किंवा विस्कटली. कुणी वर डोंगराच्या उतारावर सरकलं, कुणाला सोलापूरच्या माळावर जमीन मिळाली, कुणाला सांगली, रायगड, ठाणे. वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस बघितलेल्या, नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाला सोलापूरच्या कोरड्या काळ्या जमिनीत उतरवायचं, याला काय म्हणायचं? गावदेव पाटीत घालून, म्हातारी डोलीत बसवून लोक गेले. जे उतारावर सरकले, त्यांतल्या काही गावांना १९८५ च्या कोयना अभयारण्यानं दुसऱ्यांदा उठवलं. जमिनीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. २०१८ साली डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली ही माणसं याच कोयनानगरात ठिय्या देऊन बसली होती. तेव्हा आंदोलकांत धरण झाल्यावर जन्मलेले नातू होते. आपल्या मूळ गावी ते 'आले' होते, पण ते गाव पाण्यात होतं.

मे महिन्यात जलाशय उतरला की तळ उघडा पडतो. शेताचे बांध दिसू लागतात, जुन्या वाटेच्या खुणा दिसतात. तेव्हा एखादा म्हातारा मुलाच्या गाडीवर मागे बसून येतो. तो फोटो काढत नाही. इथे अमक्याचं घर, इथे पार, इथून पाणवठ्याकडे वाट, असं बोटानं दाखवत राहतो आणि मुलगा "बरं, बरं" म्हणत राहतो.

जे गेले नाहीत, त्यांचा रोजचा प्रवासही पाण्यानं बदलला. उत्तरेकडे तापोळा-बामणोलीला जाऊन बघावं. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना बाजार, दवाखाना, तलाठी सगळं पाण्याच्या अलीकडे. लाँच हीच त्यांची एसटी. जीप आणि मोटारसायकली तराफ्यावर चढवून पार न्याव्या लागतात. शनिवार-रविवारी याच धक्क्यावर वासोट्याला जाणारे ट्रेकर रांगेत असतात. वनखात्याची परवानगी, पिशवीतल्या प्लॅस्टिकची मोजणी, मग दीडएक तास पाण्यातून. किल्ल्यावर मुक्कामाला बंदी, संध्याकाळच्या आत खाली यायचं. सकाळी पिशवीत रेशनचं धान्य आणि औषधाची बाटली घेतलेली बाई आणि ट्रेकिंग पोल घेतलेला तरुण एकाच धक्क्यावर उभे दिसतात. दोघांचंही बोटवाल्याला एकच विचारणं, "परतीची कधी?" तरुणाची परतीची बोट चुकली तर त्याला सांगायला किस्सा मिळतो. बाईची चुकली तर घरातल्या गुरांचं दूध राहतं.

मुंबईला गेलेल्यांचीही एक स्वतंत्र रीत आहे. पाटण-जावळीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांत आणि दाणाबंदरात पाठीवर पोती वाहत आली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. हे लोक वर्षातून दोनदा-तीनदा गावी येतात: गणपतीला, यात्रेला, आणि घरात कुणी गेलं तर. गाडीत टोपल्या, पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. यांच्या येण्याला सहल म्हणायचं धाडस कुणी करणार नाही, पण कोयना भागात वर्षभरात येणाऱ्या माणसांची खरी गर्दी कुणाची, असं विचारलं तर मी यांच्याकडेच बोट दाखवीन. ते हॉटेलात उतरत नाहीत, म्हणून पर्यटनखात्याच्या नजरेत भरत नाहीत, इतकंच.

जाता जाता आणखी एका प्रवाशाचा उल्लेख केला पाहिजे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ क्वचितच दिसायचा. २०२३ च्या डिसेंबरात कॅमेऱ्यात एक नर टिपला गेला. आधी राधानगरीत दिसलेला हाच, डोंगरकडेनं शंभर किलोमीटर चालून आलेला. त्याचं सर्वांनी कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं. वाघाचा भ्रमणमार्ग तुटू नये म्हणून नकाशे तयार होतात, जमिनी राखल्या जातात. चांगली गोष्ट आहे. फक्त या डोंगरात गवळी धनगरांच्याही चरायच्या वाटा होत्या, घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या पायवाटा होत्या, आणि त्यांचा नकाशा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुंभार्ली घाट गाडीरस्ता झाला म्हणून टिकला.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. मिरगाव, ढोकावळे इथल्या वाचलेल्या लोकांना कोयना प्रकल्पाच्या त्याच जुन्या वसाहतीत आणून ठेवलं. म्हणजे धरण बांधायला आलेल्यांसाठी जी घरं बांधली, ज्यांतली मुलं आता आठवणी शोधत येतात, त्याच घरांत डोंगराखाली गाव गमावलेली माणसं राहायला आली. बाहेर रस्त्यावर पावसाळी सहलींच्या गाड्या चालूच होत्या. त्यात मला काही दुष्टपणा दिसत नाही. गाडीतल्यांना ती घरं ओलांडताना आत कोण आहे हे कळायला काही मार्गच नव्हता.

आता या खोऱ्याचे दिवस पालटायचे आहेत म्हणतात. मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं आहे, 'नवीन महाबळेश्वर'चा आराखडा चर्चेत आहे, जेट-स्की आणि तंबूंची निवासं आली आहेत. येऊ देत. भज्यांच्या टपऱ्यांना गिऱ्हाईक मिळेल, पोरांना दादर-वाशी गाठण्याऐवजी गावातच चार पैसे दिसतील. पर्यटक वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण बामणोलीच्या धक्क्यावर जेव्हा नवी वेगवान बोट लागेल, तेव्हा तिचं वेळापत्रक कुणाच्या सोयीनं लावणार, हे आत्ताच विचारून घ्यायला हवं. रात्री नऊ वाजता कांदाटीकडून एखादी बाळंतीण या तीराला आणायची असेल तर ती बोट सुटेल का? तिचं इंजिन चालू करायची परवानगी कुणाकडे मागायची, आणि त्याचा फोन लागतो का?