परक्या हाताची ढाल

हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे आजही नित्याच्या बोलण्यात आहेत. ज्या फौजेची ही नावे, ती १९०३ साली लयास गेली. परंतु तिने मागे ठेवलेला प्रश्न अद्यापि जिवंत आहे. बलवानाने मित्रराज्याची सेना वर्षानुवर्षे चालवावी, यास साहाय्य कोठवर म्हणावे?

ही फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. पैसा निजामाचा, शिपाई हिंदी, परंतु अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटाचा. १८०० च्या तहान्वये युद्धप्रसंगी नऊ हजार स्वार व सहा हजार पायदळ देणे निजामास भाग होते; शांततेच्या काळी अशी फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते. तरीही युद्धे संपली आणि फौज राहिली. पगार थकला, तो कंपनीने भरला व निजामाच्या नावे कर्ज मांडले. १८५३ साली त्यापायी वऱ्हाड, धाराशिव व रायचूरचा दुआब कंपनीच्या हवाली झाला. १८६० साली इतर मुलूख परत मिळाला. वऱ्हाड मात्र १९०२ साली पंचवीस लाखांच्या वार्षिक खंडाने कायमचे गेले. पुढल्याच वर्षी कंटिंजंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. फौजही गेली, प्रांतही गेला!

कोणी म्हणेल, या फौजेने बंडाळी मोडून मुलखात स्वास्थ्य आणले. ते अगदीच खोटे नव्हे. परंतु १८१९ साली याच फौजेने हटकर नाईक नौसाजीची गढी पाडली, तेव्हा त्याच्या गाऱ्हाण्याची चौकशी करण्याची दरबारास काय गरज उरली होती? ज्याची गादी परक्या तोफांनी सुरक्षित आहे, त्यास प्रजेचा संतोष मिळविण्याचे कष्ट कशाला? म्हणून आमच्या मते या व्यवहारात खरी हानी ना दात्याची ना घेणाऱ्याची. ती करभार सोसणाऱ्या रयतेची होय, आणि तहनाम्यावर तिची सही कधीच नसते.

दुर्बळाने साहाय्य मागूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पण वीस वर्षे परक्यांनी पोसलेली अफगाण सेना २०२१ साली काही आठवड्यांत विरून गेली, हे आपण पाहिले. शिपाई कोणाचा हुकूम ऐकतो आणि हे साहाय्य संपणार केव्हा, हे दोन प्रश्न आरंभीच विचारावेत. ज्या साहाय्यापाशी यांचे उत्तर नाही, त्यास आम्ही मैत्री म्हणणार नाही.