मुठीचे दान

भाविकहो, सप्ताहाचा सारा खर्च एकटा धनिक उचलीत असता घरोघर मूठ-मूठ ज्वारी कशाला मागावी, असे इस्लापुरास आम्हांस विचारतात. प्रश्न खोटा नाही. भुकेल्याला दाणा कोणाचाही चालतो. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. सर्व जातींची पोरे एका पंगतीत जेवीत, त्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड निघाला. आयाबाया दळणातली मूठ बाजूला काढीत. अशी मूठ घालणारी हिशेब विचारू शकते, आणि जेवणाऱ्याची मानही खाली जात नाही. धनिकाच्या पंगतीत गाव पाहुणे; मुठीच्या पंगतीत यजमान. म्हणून धनिकालाही आम्ही म्हणतो, बाबा, तूही मूठच घाल! तो रुसतो, हे खरे. रुसला तर एक गोड पदार्थ कमी होईल.