पुढच्यांचे पाणी

1972 साली पाऊस गेला आणि 1973 च्या उन्हाळ्यात हर्सूलच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीचा तळ दिसू लागला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. अब्बांनी विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर नवा खड्डा घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी कुदळीचा आवाज बदलला. दगडावर लागते तसा नव्हे, माठ फुटावा तसा आवाज आला आणि खड्ड्यात गार, नितळ पाणी भरू लागले. अब्बांनी दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले. अम्मी घागर घेऊन धावली. दादा मात्र काठीच्या आधाराने खड्ड्यात उतरले, फुटलेल्या खापराच्या नळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ये अपना नै. आगेवालों का है."

एवढ्या एका वाक्यावर आमच्या घरात बारा दिवस भांडण चालले. त्या भांडणाचा निकाल माझ्या मनात अजून पुरता लागलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

हर्सूल हे वरच्या अंगाचे गाव. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले पाणी याच बाजूने खाली उतरते. हबश देशात जन्मलेल्या, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेल्या मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली आणि तिच्यासाठी जमिनीखालून नहर आणली. कोणाची मोट नाही, कोणाचा बैल नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात पोहोचायचे. 1616 मध्ये मोगलांनी खडकी लुटली, जाळली. पुढे तेच मोगल इथे राहायला आले तेव्हा त्यांनाही याच वाटेने पाणी प्यावे लागले. नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच जमिनीखालून आणलेल्या पाण्यावर फिरत आली. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. तहान मात्र नावाप्रमाणे बदलली नाही.

आमच्या मळ्याखालचा नळ कोणत्या नहरीचा, हे दादांनाही सांगता येत नव्हते. पण पाणी कुठेतरी जात होते, म्हणजे कुणीतरी तिकडे वाट पाहत होते, एवढा त्यांचा साधा हिशेब. अब्बांचा हिशेबही काही खोटा नव्हता. लेकरे तहानलेली, बैल हाडावर आलेले, आणि तीन वर्षे जीव लावून वाढवलेली मोसंबीची झाडे वाळत चाललेली. "अल्लाने आपल्या जमिनीत पाणी दिले, ते बुजवायचे?" असे ते विचारत.

पाण्याच्या वरच्या आणि खालच्या माणसाचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मदीनेबाहेरच्या खडकाळ भागातून येणाऱ्या पाटावरून हजरत झुबैर आणि एका अन्सारी शेतकऱ्याचा वाद झाला. झुबैर यांची बाग वर होती. पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितले, आपली बाग भिजव आणि पाणी शेजाऱ्याकडे सोड. अन्साऱ्याला वाटले, आतेभाऊ म्हणून झुकते माप दिले. तेव्हा पैगंबरांनी झुबैर यांना त्यांचा पुरता हक्क घ्यायला सांगितले : पाणी बांधापर्यंत चढू दे, मग सोड. म्हणजे पहिला निवाडा शेजाऱ्यावर मेहेरबानीचा होता, दुसरा निव्वळ हक्काचा. आणि लक्षात घेण्यासारखे हे, की हक्कालाही बांधाची मर्यादा होतीच. पुरता हक्क घेतल्यावरही पाणी शेवटी सोडायचेच होते.

अब्बांनी या हदीसचा आधार घेतला असता तर? पण पाट वेगळा आणि नळ वेगळा. पाट अल्लाहच्या उताराने वाहतो, त्यावर वाटेतल्या प्रत्येक शेताचा वाटा. नळ माणसाने कुणासाठी तरी घातलेला असतो. तो आपल्या जमिनीखालून गेला एवढ्याने त्यातल्या पाण्यावर आपला हक्क होत नाही. पोस्टमन आपल्या दारावरून जातो म्हणून त्याच्या पिशवीतली सगळी पत्रे आपली होत नाहीत. मात्र जीव जात असेल तर पिण्यापुरते घेणे कोणता माणूस नाकारील? दादांनी तेच सांगितले. घागरी भरा, बैलांना पाजा आणि नळ सांधा. झाडांना नको.

अब्बांनी बारा दिवस झाडांना पाणी दिले. तेराव्या दिवशी शहराच्या बाजूने एक म्हातारा गृहस्थ नळाचा माग काढत चालत आला. त्यांच्या मशिदीचा हौज कोरडा पडला होता. खड्डा त्याला दिसला, भिजलेली आळी दिसली. तो काहीच बोलला नाही. प्यायला पाणी मागितले, बसून तीन घोटांत प्यायला आणि अब्बांना दुवा दिली. त्या दुवेने अब्बांची मान खाली गेली.

सांधायला बसल्यावर कळले, की फोडणे सोपे असते. खापराचे नळ एकाच्या तोंडात दुसरा असे बसवलेले असतात. मधला एक काढायचा तर शेजारचा हलतो, तो हलवावा तर त्याच्या पलीकडचा. अब्बा सिमेंट घेऊन आले होते. दादांनी ते बाजूला ठेवायला लावले. त्यांनी फुटक्या जागेवर अर्धगोल खापर बसवले आणि चुन्यात विटांची भुकटी कालवून लेप दिला. "सिमेंट नळापेक्षा कडक. उद्या जमीन हलली तर सिमेंट राहील आणि नळ फुटेल. चुना आधी फुटतो, नळाला वाचवतो." दुरुस्ती मूळ वस्तूपेक्षा नरम असावी, ही गोष्ट मी पुढे नात्यांतही खरी ठरताना पाहिली. जो समेट घडवायला जातो त्याने दोन्ही बाजूंपेक्षा कडक होऊन चालत नाही.

आता कबुली. ती मोसंबी जगली. पुढे कितीतरी वर्षे तिच्या फळांच्या पैशांतून माझी फी भरली गेली. मी मास्तर झालो तो त्या बारा दिवसांच्या पाण्यावर. हौज कोरडा ठेवून मिळालेले शिक्षण मला परत करता येत नाही. माफी मागावी तर कोणाची? पुढच्यांची नावे आम्हाला कधीच माहीत नव्हती.

आज मळा नाही, तिथे प्लॉट पडले. नहरींचा बराचसा भाग बांधकामांखाली गाडला गेला, जागोजागी तुटला. दादांचा सांधा असेल तर मातीखाली शाबूत असेल, पण त्यातून पाणी जात नसेल. सगळी ओळच मेली तर एका सांध्याचा उपयोग काय, असे मी स्वतःला विचारत असे.

उत्तर मला नळाच्याच पाण्याने दिले. 1976 मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी भरले तरी आमच्या गल्लीत पाणी कित्येक दिवसांआड येते. ते आले की घरोघरी नळाला थेट मोटार लागते आणि टोकाच्या घरात थेंब पोहोचत नाही. मीही मोटार लावत होतो. एके दिवशी काढली. टोकाच्या घरात तरीही पाणी गेले नाही, कारण मधल्या सगळ्या मोटारी चालूच होत्या. तेव्हा जहाजाची हदीस आठवली. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडू लागतात; वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सगळे वाचतात, नाहीतर सगळे बुडतात. आपला हात आवरणे हे निम्मेच काम. दुसऱ्याचा हात धरणे उरतेच, आणि तेही चुन्यासारखे नरम राहून.

मी घरोघरी गेलो. दोघांनी दार लावून घेतले. एकाने विचारले, "मास्तर, तुम्ही आजवर लावत नव्हता का?" मी म्हणालो, लावत होतो. चार घरांनी मोटारी काढल्या. टोकाच्या घरातल्या बाईने परवा सांगितले, पहाटे दोन घागरी भरल्या. ओळ अजून जुळलेली नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी पुन्हा जायचे आहे.