निःशब्द प्रार्थना

वाचन : १ शमुवेल १:९–१८



शिलो येथे वार्षिक यज्ञासाठी लोक जमले असता हन्ना परमेश्वरापुढे आपले दुःख मांडीत होती. सवतीच्या टोमण्यांनी तिचे अंतःकरण इतके भरून आले होते की, तिच्या मुखातून शब्द फुटेना. दाराशी बसलेल्या एली याजकाचा जन्म प्रार्थना ऐकण्यात गेलेला. तथापि ही प्रार्थना आहे हे त्यास ओळखता आले नाही. बाई मद्य प्याली आहे, असा त्याने ग्रह करून घेतला!

एलीची ही समजूत आमच्या मंडळ्यांतून अद्याप गेलेली नाही. सभेत जो न अडखळता लांबलचक बोलतो, तो मोठा प्रार्थनाशील गणला जातो. सोलापुरात दिवसभर विड्या वळून थकलेली एखादी विधवा भगिनी सायंकाळी उपासनेस येते, पदर सावरून कोपऱ्यात बसते, आणि पाळकाने सांगितले तरी तोंड उघडीत नाही. तिला प्रार्थना येत नाही, असे लोक म्हणतात. काही काळाने तीही तसेच मानू लागते, आणि मग येईनाशी होते. ही हानी लहान नव्हे.

कोणी म्हणतात, मौन व ध्यान हा योग्यांचा मार्ग. ख्रिस्ती मनुष्यास त्याचे काय काम? तर इसहाक सांजवेळी ध्यान करावयास रानात गेला होता, हे उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात पाहावे. प्रभु येशूही कफर्णहूमात भर पहाटे उठून एकांती गेला. आपल्या महाराष्ट्रातच जॅक विन्सलो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, आणि पुढे पुण्यातील त्यांच्या आश्रमात देशी चालीने भक्ती करण्याचा परिपाठ पडला. ते आंग्लिकन मंडळीचे होते म्हणून त्यांजपासून काही शिकू नये, असे आम्हांस वाटत नाही. मात्र एक भेद ध्यानी असावा. आम्ही मन रिकामे करावयास बसत नाही, प्रभूसमोर बसतो.

हे करावे कसे? गुरे बांधून झाली, चूल विझली, म्हणजे दहा मिनिटे बसावे. शुभवर्तमानातील एकच प्रसंग घ्यावा. यरीहोच्या वाटेवरील आंधळा बार्तीमय घेतला, तर प्रभूने त्यास काय विचारले ते आठवावे, आणि तोच प्रश्न आपणांस विचारला आहे असे समजून स्वस्थ राहावे. वाचता येत नसेल त्याने रविवारी ऐकलेले आठवावे. मन शेतातल्या पाण्याकडे किंवा सावकाराच्या हप्त्याकडे धावेल. त्यावर रागावू नये, त्यास हळूच परत आणावे. झोप आली तर निजावे. गेथशेमाने बागेत प्रेषितही निजले होते. यंत्रमागाचा खडखडाट शेजारी चालू असेल, तर असो. हन्नाभोवती तरी शांतता कोठे होती?

मंडळीतील मोठ्याने केलेली प्रार्थना यामुळे सोडावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु पाळक व वडील यांस विनंती आहे की, येत्या रविवारी पापांगीकारानंतर लगेच गीत सुरू न करिता तीन मिनिटे थांबावे. कोणाचे नाव घेऊन प्रार्थना करावयास सांगू नये. त्या वेळात एखादे लेकरू रडले, तर रडू द्यावे.