बघते

म्युनिकमधल्या पेटंट वकिलांच्या एका फर्ममध्ये मी अनुवादक म्हणून रुजू झाले, तेव्हा चाळिशीला आले होते. तौलनिक साहित्यात एम.ए. केल्यानंतरची बरीच वर्षं पुण्यात कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद करण्यात गेली होती. परदेशात थंडीची, कचऱ्याच्या वेगवेगळ्या डब्यांची, रविवारी बंद असणाऱ्या दुकानांची सवय करावी लागेल हे ठाऊक होतं. ‘हो’ या शब्दाची सवय करावी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

युरोपियन पेटंट ऑफिसचं मुख्यालय म्युनिकमध्ये आहे. त्याच्या अधिकृत भाषा ३ : इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. पेटंट द्यायचं ठरलं की ऑफिस अर्जदाराला ४ महिन्यांची मुदत देतं. तेवढ्यात शुल्क भरायचं आणि अर्ज ज्या भाषेत चालला ती सोडून उरलेल्या दोन भाषांत दाव्यांचा अनुवाद दाखल करायचा. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. म्हणून आमच्याकडे एकाने अनुवाद करायचा, दुसऱ्याने तो मुळाशी ताडून पाहायचा, आणि दोघांचे दिवस आधीच ठरलेले असायचे.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी वरिष्ठ बाईंनी विचारलं, “गुरुवारपर्यंत होईल?” पंपाच्या झडपेविषयीचे २३ दावे होते. होणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं. मी “हो” म्हणाले. गुरुवारी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या, तेव्हा ११ झाले होते. त्या चिडल्या नाहीत. मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी घेतलेली शुक्रवारची सुट्टी त्यांनी रद्द केली आणि मला एवढंच विचारलं, “सोमवारी तुम्हाला माहीत होतं?” मी पुन्हा “हो” म्हणाले. त्या आठवड्यातला तेवढा एक ‘हो’ खरा होता.

मी खोटं बोलले होते का? मला तसं वाटत नव्हतं. माझ्या ‘हो’चा अर्थ होता : तुमचा मान राखते, जीव तोडून प्रयत्न करते, पुढचं पुढे. मराठीत नकाराला शब्द कमी नाहीत. नाही, नको, नये, नव्हे. तरी तोंडावर नकार द्यायची वेळ आली की आपण ‘बघते’ म्हणतो आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. दोघांनाही ठाऊक असलेल्या संकेताला खोटं कसं म्हणायचं? मी फक्त त्या ‘बघते’चा अनुवाद केला होता, आणि तो चुकला होता.

इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये एका निबंधात लिहिलं, की दारात आलेल्या खुन्याने ‘तुझा मित्र आत आहे का’ असं विचारलं, तरी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडे अप्रिय सत्य बोलू नये असं मनुस्मृतीचा दाखला देऊन सांगतात. त्याच श्लोकात पुढे प्रिय असत्यही बोलू नये असं बजावलेलं आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. पण या दोन्हींत शब्दाचा अर्थ आधीच ठरलेला आहे. माझी अडचण त्याच्या अलीकडची होती.

हळूहळू मी शिकले. “गुरुवारी नाही, सोमवारी देईन,” असं म्हणू लागले आणि कुणाचा चेहरा पडला नाही. मला मोकळं वाटलं, थोडा अभिमानही वाटला. मग एकदा मिरजेहून मावशीने फोनवर विचारलं, “दिवाळीला येशील ना गं?” मी म्हणाले, “नाही मावशी, नाही जमणार.” ती “बरं” म्हणाली आणि तिने फोन आईकडे दिला. रात्री आईचा पुन्हा फोन आला. “तू येणार नाहीस हे तिला माहीत होतं. बघते म्हणायला तुझं काय जात होतं?”

काय जात होतं? या प्रश्नाने मला मावशीपेक्षा वेगळ्याच बाईची आठवण झाली. पुण्याच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताई पगारवाढीचा विषय काढायच्या, तेव्हाही मी ‘बघते’च म्हणायचे. दोन दिवाळ्या मी बघतच होते. त्यांनाही संकेत कळत होता. पण तो कळून घेतल्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं, आणि मुलीच्या क्लासची फी कुठून आणायची हे त्यांना माझ्या त्या एका शब्दावर ठरवायचं होतं. म्युनिकमध्ये माझ्या गुळमुळीत शब्दाची किंमत एका शुक्रवारची होती आणि ती दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आली. पुण्यात ती ताईंनी भरली आणि मला तिचा हिशेब कधी विचारला गेला नाही. तिथे मी त्याला आपली रीत समजत होते.

तेव्हापासून बोलण्याआधी मी पाहते, की या शब्दावर कुणी आपले दिवस बेतणार आहे का. बेतणार असेल तर स्पष्ट बोलायचं. मावशी काही बेतणार नव्हती, तिला फक्त मला यावंसं वाटतंय हे ऐकायचं होतं, अशी मी माझी समजूत घातली. पुढे आईकडून कळलं, की माझ्यासाठी आतली खोली रिकामी राहावी म्हणून मावशीने त्या वर्षी भाडेकरू ठेवला नव्हता.

गेल्या महिन्यात तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, “यायची फार इच्छा आहे मावशी, पण दिवाळीला सुट्टी नाही. फेब्रुवारीत येते, तिकीट काढलंय. खोली भाड्याने दे, मी तुझ्याजवळ झोपेन.” ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, “बघू.”