प्रार्थनेत काय मागावे

1542 साली फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला आणि हातात घंटा घेऊन शहराच्या गल्ल्यांतून फिरू लागला. घंटा ऐकून मुले, गुलाम, घरकामाची माणसे गोळा होत. मग त्यांना चर्चमध्ये नेऊन तो ख्रिस्ती शिकवण चालीवर म्हणून घेई. प्रभूची प्रार्थना, मारियेचे नमन, दहा आज्ञा. पाठ झाले म्हणजे प्रार्थना आली. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्या ओठी काही ठेवायचे तर पाठांतराखेरीज वाट नव्हती, आणि रामरक्षा किंवा मनाचे श्लोक आपल्या घरांत याच वाटेने आले. पण पाठांतरामागून एक समजूत हळूच येऊन बसते: शब्द बिनचूक, क्रम बरोबर, संख्या पुरी, की प्रार्थना झाली. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाला त्या समजुतीच्या पलीकडे जायला चार शतके लागली, आणि पुढचे पाऊल नेहमी पुढेच पडले असेही नाही.

पहिले मोठे पाऊल फादर थॉमस स्टीफन्सचे. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याची बहुतेक हयात तिथल्या साष्टीत गेली. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि त्या जागी हाती काहीच दिले नव्हते. ही उणीव त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीलाच श्रोत्याच्या तोंडून बोलून दाखवलेली आहे. 1616 मध्ये रायतूरला छापलेले हे पुराण म्हणजे जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या. ते चर्चमधून वाचले जाई, लोक ऐकत. प्रार्थनेच्या दृष्टीने मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या शिष्यांना शिकवले होते की आधी प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, त्यात स्वतः जाऊन थांबावे, आणि मग मित्राने मित्राशी बोलावे तसे ख्रिस्ताशी बोलावे. ही साधना एकांतात बसू शकणाऱ्या माणसाची. स्टीफन्सने ती ओवीतून साष्टीच्या शेतकऱ्यापर्यंत आणली. कथा ऐकता ऐकता माणूस गव्हाणीपाशी जातो, क्रुसाखाली उभा राहतो. मग जे बोलणे सुचते ते त्याचे स्वतःचे असते.

ही वाट पुढे बंद केली गेली. 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. 1736 मध्ये इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या जाहीरनाम्याने लग्नातल्या ओव्यांवरही बंदी घातली. ज्या छंदात ख्रिस्तचरित्र गायले गेले, त्याच छंदात लग्नघरी गाणे गुन्हा ठरले. माणसाची भाषा हिरावली की देवाशी बोलण्याचा त्याचा सगळ्यात जवळचा रस्ता तुटतो. या गोष्टीचे दुःख गोव्यात पुरेसे बोलले जात नाही.

उरली लॅटिन. मे महिन्यात रस्त्याकडेच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादाईन होते, तेव्हा ती अजून कानावर येते. खुरसाला नवा चुना काढलेला असतो, गळ्यात अबोलीची माळ, पायथ्याशी मेणबत्त्यांची रांग, आणि त्यातली एखादी शेजारच्या हिंदू घरातून आलेली. एकजण व्हायोलिन जुळवून घेतो, दोघी-तिघी खालचा सूर धरतात, आणि मारियेची बिरुदे एकामागून एक सुरू होतात. प्रत्येक बिरुदाला सगळ्यांचा एकच प्रतिसाद. शेवटी उकडलेले चणे, मोठ्यांना घोटभर फेणी. म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना शब्दांचा अर्थ लागत नाही, म्हणून ही प्रार्थनाच नव्हे असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. नामस्मरणात जसे मन ठिकाणावर येते तसे इथेही येते, आणि वाड्यावरचे कोण आले नाही, का आले नाही, याची चौकशी चण्यांबरोबर होतेच. तरी एक उणे राहते. ते शब्द म्हणणाऱ्याला काही विचारत नाहीत. प्रभूची प्रार्थना विचारते. आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला कर, ही त्या प्रार्थनेतली एकमेव अट घातलेली मागणी. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू लगेच पुन्हा बोलतो, तेही याच एका मागणीविषयी. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भाऊ एका छपराखाली, दोन वेगळ्या खोल्यांत, रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणतात, तेव्हा ही ओळ दोघांच्याही तोंडून जाते.

उत्तर गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली यांची गोष्ट साष्टीहून थोडी निराळी आहे. हे महाल पोर्तुगिजांकडे उशिरा आले, डिचोली 1781 च्या सुमारास आणि पेडणे 1788 मध्ये. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीत, म्हणजे उशिरा मिळवलेल्या मुलखात, लोकांच्या धर्माला हात लावायचा नाही असे धोरण ठरले होते. त्याआधी तर डिचोली हा आसऱ्याचा मुलूख होता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आणला गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. त्यामुळे इथला ख्रिस्ती माणूस नेहमी थोडक्यांतला. त्याची प्रार्थना देवळाच्या घंटेच्या अंतरावर होते आणि शेजाऱ्याचे देवाशी वागणे त्याला रोज दिसते.

ते वागणे पुष्कळदा आंगवणीचे, म्हणजे नवसाचे, असते, आणि त्यात हिंदू-ख्रिस्ती असा भेद फारसा नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय आणि म्हापशाची मिलाग्र सायबीण या बहिणी, असे इथे सगळेच मानतात. ईस्टरनंतर मिलाग्रचे फेस्त येते तेव्हा डिचोली-पेडण्याचे हिंदूही तिला तेल वाहायला जातात. शास्त्री मंडळींना, दोन्हीकडच्या, हे फारसे रुचत नाही. तुकोबांनी नवसाची खरडपट्टी काढलेली सर्वांना ठाऊक आहे. पण तापाने फणफणलेले मूल घेऊन आलेल्या आईला मागू नकोस असे कोण सांगणार? येशूने सांगितले नाही. यरीहोचा आंधळा ओरडतच राहिला, कनानी बाईने मुलीसाठी वाद घातला, आणि दोघांनाही मिळाले. खोट मागण्यात नाही. ‘तू हे दिलेस तर मी ते देईन’ असा व्यवहार ठरवण्यात आहे, कारण व्यवहारात देव देणेकरी होतो आणि माणूस वसुलीला बसतो.

देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर मागायचे कशाला, हा प्रश्न जुना आहे. रोम लुटले गेल्यावर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा नावाच्या श्रीमंत विधवेने तशाच काहीशा अडचणीत संत ऑगस्टीनला विचारले होते, की प्रार्थना करावी तरी कशी. त्याने पाठवलेल्या लांबलचक पत्राचा गाभा असा: मागण्याने देवाला बातमी कळत नाही, मागणाऱ्याची ओढ वाढते, आणि देव जे देऊ पाहतो ते मावण्याइतके मन मोठे होते. इतके नेमके उत्तर त्यानंतर कुणी दिल्याचे माझ्या वाचनात नाही. मात्र त्याच्या आधी गेथशेमाने बागेतला प्रसंग ठेवायला हवा. येशूने तिथे मरण टळावे असे स्पष्ट मागितले, पुन्हापुन्हा मागितले, आणि मग आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. आपण बरेचदा पहिला भाग गाळतो. ‘तुझी इच्छा’ एवढेच म्हणून मोकळे होतो आणि त्याला भक्ती समजतो. जे मागितलेच नाही ते सोपवणार कसे?

मराठीत मागण्यातली ही ओढ नारायण वामन टिळकांनी ओळखली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला माऊली मानून अभंग रचले. त्यांत वस्तूंपेक्षा संगतीची मागणी अधिक आहे. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभारला, तोही याच ओढीने. स्टीफन्सची ओवी तुटली होती तिथे तीन शतकांनी टिळकांचा अभंग येऊन मिळाला. फरक एवढाच की तो गोव्याच्या कॅथलिक देवळात नव्हता.

तिथे बदल आला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मातृभाषेला वेदीपाशी जागा दिली, आणि गोव्यात मिस ही उपासना कोंकणीत होऊ लागली. त्याच दस्तऐवजाने एक जुनी रीत परत आणली: प्रवचनानंतर लोकांनी सर्वांसाठी करायच्या विनंत्या. पुरोहिताऐवजी वाड्यावरचाच कुणी पुढे येऊन त्या वाचतो. मला हा बदल भाषेच्या बदलाहून मोठा वाटतो, कारण आता काय मागावे हे साध्या माणसाने ठरवायचे असते.

आणि ते सोपे नाही. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी घरे उभी केली आणि शेते गाळाने भरली. शिरगावात विहिरी आटल्या. 2012 मध्ये खाणी थांबल्या, नंतर सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात कर्ज काढून ट्रक घेतलेला माणूस खाणी उघडाव्यात म्हणून गुडघे टेकत असणार आणि मळ्यात तांबडा गाळ साचलेला माणूस त्या उघडू नयेत म्हणून. बाक एकच असू शकतो. दोघेही खरे मागतात, आणि दोघांपैकी एकालाही मागणे सोडून दे म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण सर्वांच्या वतीने वाचायच्या विनंतीत यांतले एकच मागणे आले, तर दुसऱ्याला त्यावर ‘आमेन’ म्हणता यायचे नाही. दोन्ही गाळून ‘गावाला शांती दे’ असे गुळमुळीत वाचले तर ती प्रार्थनाही नव्हे. माझ्या मते अशा रविवारी ट्रकवाल्याने पुढे जाऊन गाळ साचलेल्या शेतासाठी विनंती वाचावी, आणि शेतवाल्याने थकलेल्या हप्त्यांच्या घरासाठी. पुढचे बोलणे मग त्यांना आपसातच करावे लागेल. आमच्याकडे ग्रामसभाही बहुधा रविवारीच असते.