‘तुम्ही तसे दिसत नाही!’



पंचशीलावर चर्चा निघते तेव्हा एक प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो आज येथे मांडावयाचा आहे.

तुमचा मुलगा शिकून शहरात नोकरीला लागतो. रंगाने उजळ, बोलणे शुद्ध, आडनावावरून काही उमगत नाही. कचेरीतील मंडळी त्याला आपल्यातलाच समजून चालतात, डब्यातले देतात, सणाला घरी बोलावतात. पुढे कधी खरे कळले की म्हणतात, ‘काय सांगतोस? तू तसा दिसत नाहीस!’ आणि हे ते कौतुकाने म्हणतात. मुलाने कोणाला खोटे सांगितलेले नसते. त्याला कोणी विचारलेच नव्हते. तरीही आपल्या हातून मुसावाद घडला की काय, चौथे शील मोडले की काय, ही टोचणी त्याला लागून राहते.

याचे उत्तर घाईने देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, पहिल्याच दिवशी छाती ठोकून सांगायला हवे होते. दुसरा म्हणतो, वेड्या, कशाला सांगतोस, आपले काम साधून घे. दोघांनीही प्रश्न नीट पाहिलेला नाही. तो नीट पाहावयाचा तर थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. चेहरा एक सांगतो आणि जन्म दुसरेच सांगतो, अशा माणसांचा प्रश्न त्या देशात कायद्यापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर होती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली. तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही.

गुलामगिरीच्या काळात तेथील मळ्यांच्या गोऱ्या मालकांपासून गुलाम स्त्रियांना मुले होत. मूल आईच्या दर्जाचे, असा कायदा होता. म्हणजे बापाने पोटची लेकरे बाजारात विकावीत, याला कायद्याची आडकाठी नव्हती. चारपाच पिढ्यांत अशी माणसे निपजली की ज्यांची कातडी गोरी, डोळे निळे आणि तरीही ती गुलाम. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, परंतु वर्गवारी संपली नाही. उलट ती अधिक काटेकोर झाली. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये असा कायदा केला की ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा अंशही नाही तोच गोरा. आता गंमत पाहा. त्या राज्यातील काही प्रतिष्ठित घराणी पोकाहोंटास नावाच्या आदिवासी सरदारकन्येपासून आपला वंश मोठ्या अभिमानाने सांगत. या कायद्याने तीच गोरेपणातून बाद झाली असती! म्हणून आदिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा चालेल, अशी पळवाट त्याच कायद्यात ठेवण्यात आली. शुद्धीचे नियम लिहिणारे ते स्वतःपुरते कसे वाकवतात, हे तुम्हाआम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यू ऑर्लिन्स शहरात होमर प्लेसी नावाचा एक जोडे तयार करणारा कारागीर होता. त्याच्या पूर्वजांत आठात एक हिस्सा काळ्यांचा. दिसायला तो गोराच. लुइझियाना राज्याने १८९० मध्ये आगगाडीत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. त्याविरुद्ध तेथील नागरिकांच्या समितीने लढा उभारला आणि त्या लढ्याचा भाग म्हणून ७ जून १८९२ रोजी प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. तो नुसता गप्प बसता तर गाडी सुटली असती आणि तो सुखाने उतरला असता. पण कंडक्टरने विचारले तेव्हा त्याने सांगितले की होय, मी कृष्णवर्णीय आहे आणि मी येथून उठणार नाही. त्याला अटक झाली. आधी क्षणभर ज्याच्याकडे पाहून कोणाला काही वाटले नव्हते, तोच माणूस ते दोन शब्द बोलताच डब्यात बसण्यास नालायक ठरला. कातडी तीच, कपडे तेच. बदलले ते पाहणाऱ्याच्या डोक्यातले.

हा खटला १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध एक मतांनी हरला. प्लेसीच्या वकिलाने त्यात एक मोठा मार्मिक मुद्दा मांडला होता. या देशात गोरा म्हणून ओळखले जाणे ही एक मालमत्ता आहे, आणि कंडक्टरने ती हिरावून घेतली. न्यायालयाने उत्तर दिले की तो गोरा असेल तर कंपनीवर दावा लावू शकेल. गोरा नसेल तर ती मालमत्ता त्याची नव्हतीच. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आहे. तिच्यात वरची पायरी ही खरोखरच मालमत्तेसारखी सांभाळली जाते. मग कोणी चुकून तुम्हाला वरच्या पायरीवर समजतो तेव्हा तो तुमच्या हातात पैसेच ठेवीत असतो. ते घ्यावेत का, हा तुमच्या मुलाचा प्रश्न आहे.

आता दुसरा माणूस पाहा. वॉल्टर व्हाइट, जन्म १८९३, अटलांटा. केस सोनेरी, डोळे निळे, कातडी गोरी. मनात आणता तर हा माणूस जन्मभर गोरा म्हणून जगला असता. तो १९१८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेत दाखल झाला आणि पुढे तिचा सर्वोच्च चिटणीस झाला. त्या काळी दक्षिणेत काळ्या माणसांना झुंडी पकडून जिवंत जाळीत, झाडाला लटकवीत. व्हाइट तेथे गोरा होऊन जाई. खुनी लोक त्याला आपल्यातला समजून आपली कृत्ये बढाईने सांगत. तो ती टिपून घेई आणि देशापुढे मांडी. अशा चाळीसहून अधिक प्रकरणांची चौकशी त्याने केली. १९१९ मध्ये अर्कान्सा राज्यात कुळांनी संघटना बांधली म्हणून कृष्णवर्णीयांची कत्तल झाली, तेव्हा तो तेथेही गेला. त्याचे बिंग फुटल्याचे कळताच त्याने कशीबशी गाडी पकडली. गाडीतला कंडक्टर त्यालाच म्हणाला, साहेब, तुम्ही मौज बघायच्या आतच निघालात; गोरा म्हणून मिरवणारा एक काळा गावात आला आहे, त्याला पोरे धरणार आहेत.

त्याच्या वडिलांचेही ऐका. १९३१ मध्ये त्यांना मोटारीचा धक्का लागला. दिसायला गोरे म्हणून इस्पितळात त्यांना गोऱ्यांच्या विभागात नेऊन उपचार सुरू झाले. चौकशीला जावई आला. तो रंगाने सावळा होता. लगेच त्या जखमी म्हाताऱ्याला भर पावसात रस्त्यापलीकडच्या काळ्यांच्या विभागात हलवण्यात आले. काही दिवसांनी ते वारले. जावयाच्या तोंडावरून सासऱ्याचे रक्त ठरले!

व्हाइटसारखे परत येणारे थोडे. जे कायमचे पलीकडे गेले त्यांची गोष्ट वेगळी. तिकडे त्याला ‘पासिंग’ असा शब्द आहे. अशा माणसाला गाव सोडावे लागे. सावळ्या भावाने रस्त्यात हाक मारली तर ओळख दाखवता येत नसे. आई वारली तर अंत्ययात्रेला जायची चोरी. मूल होणार म्हटले की घरात आनंदाऐवजी धास्ती, की ते कोणत्या रंगाचे निपजते. सुरुवातीला हे सारे एका नोकरीसाठी, भाड्याच्या एका खोलीसाठी असे. त्यांना मी दोष देत नाही. कामाच्या आणि निवाऱ्याच्या दारावर जन्माचा पहारा बसवणाऱ्याने आधी शील मोडलेले असते.

आणि हे सारे परदेशातलेच नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ते पारशांच्या धर्मशाळेत गेले. अंगात सदरा आणि कस्ती नाही हे व्यवस्थापकाच्या ध्यानात आले, पण पैशाची गरज त्यालाही होती. पारशी नाव नोंदवहीत लिहून राहायचे ठरले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एक हिंदू स्नेही होता, एक ख्रिस्ती स्नेही होता. दोघांनीही असमर्थता दाखवली. कमाठीबागेत बसून बाबासाहेबांनी गाडीची वेळ होईपर्यंतचा काळ काढला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, आणि नाव बदलून राहिल्याची गोष्टही त्यांनी लपवलेली नाही.

मग बाबासाहेबांनी मुसावाद केला, असे म्हणणार का? व्हाइटने केला? शब्दाला शब्द लावून पाहणारा म्हणेल, केला. मी त्याच्याशी भांडत बसणार नाही. तथागतांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. म्हणून मी चेतनेकडे पाहतो. बाबासाहेबांना छप्पर हवे होते. त्या काळोख्या धर्मशाळेत पारशी म्हणवून घेण्याचे सुख त्यांना नव्हते. व्हाइटला मेलेल्या माणसांचे सत्य हवे होते. यांपैकी कोणालाही ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे ऐकून आतून गुदगुल्या झाल्या नाहीत.

येथेच तुमच्या मुलाचा खरा प्रश्न आहे. गैरसमज झाला यात त्याचा दोष नाही. प्रत्येक अनोळखी माणसापुढे जन्माचा दाखला ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. उलट तसा दाखला मागणे हाच अपराध आहे. कोणी विचारले तर ‘मी बौद्ध आहे’ हे उत्तर पूर्ण सत्य आहे, आणि ते न अडखळता द्यावे. पण ‘तू तसा दिसत नाहीस’ हे वाक्य ऐकून त्याच्या मनाला क्षणभर जरी बरे वाटले, तरी तेथे त्याने थांबून पाहावे. त्या वाक्याचा दुसरा भाग कोणी बोलत नाही. तो असा आहे की तुझी आई मात्र तशी दिसते. तुझा गावाकडचा भाऊ तसा दिसतो. स्तुती मान्य केली की ही निंदाही मान्य झाली. जीभ गप्प असली तरी मनाने सही केलेली असते.

वास्तविक ‘तसा’ म्हणजे कसा? अमेरिकेत निदान मूळ दोन खंडांतल्या माणसांचा प्रश्न होता. आपल्याकडे तेही नाही. अस्पृश्य मूळचे कोण, या १९४८ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासून दाखवून दिले की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आहेत, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविडच. त्यांनी १९३६ मध्येच विचारले होते की पंजाबच्या ब्राह्मणाचे मद्रासच्या ब्राह्मणाशी वंशाने काय नाते आहे? चेहऱ्यावर जात असती तर आडनाव विचारण्याची, गाव विचारण्याची, ‘कुठल्या आळीत?’ म्हणून खोदण्याची गरज पडली असती का?

अडीच हजार वर्षांपूर्वी श्रावस्तीत अस्सलायन नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मणकुमार तथागतांशी वाद घालायला आला. त्याचे म्हणणे असे की ब्राह्मण तेवढा शुक्ल वर्णाचा, बाकीचे कृष्ण. तथागतांनी त्याला असित देवल ऋषींची कथा सांगितली. त्या ऋषींनी गर्विष्ठ ब्राह्मणांना विचारले होते की तुमच्या आईची आई, तिची आई, अशा सात पिढ्या मागे प्रत्येकीचा संबंध ब्राह्मणाशीच आला, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? त्यांना ठाऊक नव्हते. कोणालाच नसते. ज्यांना आपण मिश्र म्हणतो ते आणि जे स्वतःला शुद्ध म्हणवतात ते, यांत फरक एवढाच की एकाची गोष्ट लोकांना माहीत आहे.

तेव्हा कोणी म्हणाले, ‘तू तसा दिसत नाहीस,’ तर मुलाने रागावू नये आणि हसूही नये. ‘तसा म्हणजे कसा?’ एवढे शांतपणे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. समोरचा काय सांगणार? काळा? मळका? खाली मान घालणारा? त्याला ते आपल्याच तोंडाने म्हणावे लागेल. बहुधा तो म्हणणार नाही, आणि विषय तेथेच संपेल.

परंतु हे मुलाला शिकवण्यापूर्वी घरात पाहा. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, आणि सून पाहायला निघालो की पहिला प्रश्न, ‘मुलगी गोरी आहे का?’ दोन बहिणींपैकी उजळ असेल तिला पाहुण्यांपुढे आधी बसवतो, सावळीला चहा आणायला पाठवतो. ती सावळी पोर हे सारे पाहत असते. कचेरीतल्या त्या माणसाने तिच्या भावाला जे ऐकवले, ते तिला तिच्या घरानेच, दहा वर्षे आधी ऐकवलेले असते. आपल्याच वधूवर मेळाव्यांच्या परिचयपत्रांत ‘वर्ण’ असा एक रकाना छापलेला असतो. ‘वर्ण’ हाच शब्द, दुसरा मिळाला नाही! पुढच्या मेळाव्याचे अर्ज छापायला देण्यापूर्वी तो रकाना खोडून टाका. शिक्षणाचा रकाना थोडा मोठा होईल.